माझी राहिलेली लाह

जन्मभर धंदा काय केला, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. मास्तर असतो तर शाळेचं नाव सांगून मोकळा झालो असतो. दुकानदार असतो तर पेठेचं. ‘चळवळ केली’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, कर्णा आणि हारतुरे उभे राहतात. आमच्या वेळी व्यासपीठ म्हणजे सागाखालचा एखादा दगड. हार मला उभ्या आयुष्यात एकदाच मिळाला, तोही दुसऱ्या पुढाऱ्यासाठी आणलेला. त्याची गाडी चुकली आणि हार सुकून जाईल म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

या कामाबद्दल बाहेरच्यांना एकच सांगतो. त्यातलं बहुतेक काम पायांचं असतं आणि उरलेलं पोटाचं. पायांचं का, ते उघड आहे. पोटाचं अशासाठी, की ज्याच्या दारात बसाल त्याच्या घरचं खावं लागतं, आणि चव घेऊन खावं लागतं. पाणीसुद्धा न घेता उठणाऱ्याने हक्कांवर कितीही सुंदर व्याख्यान दिलं, तरी डोंगरातले लोक त्याला ‘बरं’ म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. डोक्याचं काम फार थोडं. आमच्या चळवळीच्या धुळ्याच्या कचेरीतल्या वडीलधाऱ्या मंडळींना हे शेवटपर्यंत पटलं नाही, पण ती मंडळी टांग्याने हिंडायची.

मी कोरीटचा. तापीच्या काठची काळी जमीन, आणि त्या जमिनीत आमची दादर. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, दादर म्हणजे आमच्या खान्देशातली रब्बीची ज्वारी. पाऊस संपल्यावर पेरतात आणि होळीच्या सुमारास कापतात. माझ्या वडिलांचा जीव या दादरीत. नंदुरबारला इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा घरी येईल, शेत बघेल, वेळ आलीच तर कचेरीत कारकून होईल, असा त्यांचा साधा हिशेब. मी तिसरंच काही धरलं. लाल बावटा घेऊन डोंगरात जायचं ठरवलं. वडील ओसरीवर विळ्याला धार लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले,

“दुनियानं पीक संभाळाले चालना तू. घरनी दादर कोन कापी?”

मी तेव्हा विशीतला आणि पुस्तकं नुकती वाचलेली. जमीनधारणेचा प्रश्न मी त्यांना समजावून सांगू लागलो. त्यांनी विळा बाजूला ठेवला आणि आवाज न चढवता सांगितलं, “आते ह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको.” वडील एकदा बोलले की बोलले. त्यानंतर मी कोरीटला आलो तर मागच्या दाराने येत असे. आई ताट आत गोठ्यात आणून द्यायची आणि कुजबुजायची, “खाई ले, तो झोपेल शे.” वडील झोपलेले नसायचे. ओसरीवरून त्यांचा खोकला ऐकू यायचा.

डोंगरात मी ज्या पाड्यावर पहिल्यांदा गेलो त्याला जांभळीपाडा म्हणू. मोलगीच्या बाजारातून निघालं की दोन खिंडी ओलांडून लागतो. घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येक घर आपापल्या उतारावरच्या शेतात. तिथले लोक आपसांत भिली बोलत आणि माझ्याशी बाजारातली खान्देशी. त्यांचा खरा छळ होता वेठीचा. वेठ म्हणजे हुकमाचं फुकट काम. जंगलचा रेंजर निरोप पाठवी आणि गावातल्या बाप्यांनी हातातलं टाकून त्याची लाकडं ओढायची, रस्ता नीट करायचा, मुक्कामाला चूल मांडून द्यायची. कायद्याने वेठ कधीच बंद झाली होती म्हणे. पण कायदा तळोद्यापर्यंत यायचा आणि पुढे चढ बघून परत फिरायचा.

पाड्याचा कारभारी वेस्ता. काटक, कमी बोलणारा, हसला की फक्त डोळ्यांनी हसणारा. मी त्याला म्हटलं, “उद्या सकाळी सगळ्यांना बोलाव. माझं काम आहे.” श्रावणातले दिवस होते. सकाळी बघतो तर सगळा पाडा हजर. बाया, बापे, लेकुरवाळ्यासुद्धा. मला भरून आलं. बावटा काठीला बांधला, घसा साफ केला. मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या हातात विळा नाहीतर खुरपं आहे.

“सांग भाऊ, कोनतं वावर?” वेस्ताने विचारलं. वावर म्हणजे शेत.

त्या पाड्यावर सकाळच्या वेळी सगळ्यांना बोलावण्याचं कारण एकच असे, ते म्हणजे लाह. एखाद्याचं शेत एकट्याने आवरण्यासारखं नसलं की तो गावाला बोलावतो. गाव येऊन एका दिवसात काम उरकतं. ज्याची लाह असेल त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि पुढे ज्याची त्याची लाह निघेल तेव्हा आपण राबायला जायचं. मजुरीचा संबंध नाही. विनाकारण लाह चुकवली तर त्या माणसाच्या शेतात पुन्हा कोणी पाऊल टाकत नाही. भांडणतंट्यासाठी जमायचं तर लोक दिवस कलल्यावर जमत. मी मात्र भर निंदणीत, सकाळी, ‘माझं काम आहे’ म्हणून अख्खा पाडा गोळा केला होता. माझ्याजवळ शेत नव्हतं आणि झोळीत मूठभर चणे होते.

मी ततपप करू लागलो. तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. तिला सगळे भुरी म्हणत. नवरा वारलेला, मुलगा नवापूरच्या पलीकडे गुजरातेत कामाला गेलेला, तो पावसाळ्यात परत आलाच नव्हता. तिच्या शेतात पिकापेक्षा गवत उंच झालं होतं. तरी तिने लाह बोलावली नव्हती. का, ते तिने तेव्हा सांगितलं.

“दाना मन्हा घर शे. पन सगळासना वावरमा मी एकली कशी जाऊ? म्हनीसन कोनले बलावं नही.” मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “याना हात धड शेतस. लाह यानी, वावर मन्हं. मन्हा बदला हाऊ जाई.”

जेवण तिचं आणि फेडीचं राबणं माझं, असा तो सौदा. वेस्ताचे डोळे हसले. पाडा तिच्या शेताकडे वळला. माझ्या बावट्याची काठी भुरीने माझ्या हातातून घेतली आणि शेताच्या मधोमध खोचून दिली, पाखरं उडवायला. जगभरच्या श्रमिकांचा तो झेंडा त्या पावसाळ्यात पोपटांना धाक घालत उभा होता, आणि खरं सांगतो, त्याने एवढं प्रामाणिक काम नंतर क्वचितच केलं.

दुपारी जेवण. भाकरी, उडदाची डाळ, आणि घाटा, म्हणजे ताकात शिजवलेलं पातळ पीठ. मी कडेला बसायला गेलो तर भुरीने हाताला धरून ओळीत आणून बसवलं. ज्याची लाह, त्याने सगळ्यांच्या शेवटी खायचं, पण खायचं त्याच पंगतीत, त्याच जमिनीवर. तो बाजूला बसला तर ती लाह धरत नाहीत. माझ्या घरात डोंगरातल्या माणसाला ओसरीखाली उभं करून वरूनच पाणी ओतायची रीत होती. पुस्तकं वाचून मी ती रीत मनातून काढून टाकली होती. पण ते त्या दिवशी, बुडाखालच्या ओल्या मातीत, खरं झालं असं मला वाटतं.

पुढचा महिना मी फेड करत होतो. एकेका घरची लाह निघाली की मी हजर. माझी निंदणी बघून बाया तोंडाला पदर लावत, कारण मी गवताबरोबर पीकही उपटायचो. भाषण मी एकही केलं नाही. ओळीत उकिडवं बसून खुरपं चालवताना शेजारचा जे बोलेल ते ऐकायचं, आणि अधूनमधून एवढंच म्हणायचं, की वेठ कायद्यात नाही. वेस्ता एकदा म्हणाला, “कायदामा नही ते रेंजरले सांग. आमले काब्र सांगस?” आम्हाला का सांगतोस, हा प्रश्न मी पुढे अनेक मोठ्या सभांमधून, दर वेळी आपला म्हणून, विचारला आहे.

पावसाळा सरला आणि पिकं पिवळी पडली. तेव्हा दूर कुठेतरी मोठी लढाई चालू होती आणि तिला लाकूड हवं होतं. ऐन कापणीच्या तोंडावर रेंजरचा निरोप आला की तोडलेले साग ओढून खाली रस्त्याला लावायचे, सगळे बापे हवेत, काम संपेपर्यंत. म्हणजे पिकं तशीच उभी राहणार. डुकरं आणि पोपट काय शिल्लक ठेवतील तेवढ्यावर वर्ष काढायचं. भुरीच्या घरचा दाणा तर आमच्या लाहीच्या जेवणात बराच संपला होता. तिचं शेत गेलं असतं तर ते माझ्यामुळे गेलं असतं.

मी घाईघाईने संप ठरवू लागलो. मोर्चा, घोषणा, मागण्या. वेस्ताने सगळं ऐकून घेतलं. “नही म्हनं ते मारतस,” तो म्हणाला. थोडा वेळ चिलीम ओढली. मग म्हणाला, “सकाय भुरीनी लाह शे. तू येस ना?”

दुसऱ्या दिवशी सगळा पाडा भुरीच्या शेतात कापणीला. सूर्य वर आला तसा रेंजर घोड्यावरून आला, मागे नाकेदार. नाकेदार म्हणजे जंगलावर पहारा ठेवणारा शिपाई.

“काय तमाशा आहे हा? वेठीला नाही म्हणता?”

वेस्ता हात जोडून उभा राहिला. “नही कोन म्हनस साहेब? येसूत. आज भुरीनी लाह शे.”

“आणि उद्या?”

“सकाय मन्ही शे. मंग त्यानी. मंग त्यानी.” वेस्ता बोट फिरवत गेला आणि उताराच्या टोकापर्यंत गेला.

रेंजरने छडी उगारली, पण मारायचं कोणाला? कोणी नाही म्हटलंच नव्हतं. साहेब आज ना उद्या बदलून जाईल, आणि लाह चुकवणाऱ्याला त्या डोंगरात उभं आयुष्य काढायचं होतं. हे तिथल्या पोराटोरांनाही कळत होतं आणि रेंजरला कळत नव्हतं. तेवढ्यात भुरी कमरेला पदर खोचून त्याच्यासमोर आली.

“उभा काब्र साहेब? विळा ले. नही ते बठ, घाटा खा.”

साहेब घोड्यावरून उतरलाच नाही. नाकेदार बिचारा पहाटेपासून उपाशी होता. तो बसला आणि दोन वाट्या घाटा प्याला. जेवला, म्हणजे लाहीत आला. दुसऱ्या दिवशी वेस्ताच्या शेतात तो विळा घेऊन हजर झाला, सरकारी टोपी झाडाला अडकवून. कोणी हसलं नाही. त्याला चांगली कापणी येत होती, माझ्यापेक्षा तर फारच चांगली.

असं घरामागून घर कापलं गेलं आणि दाणा कणगीत पडला. लाकडं जागच्या जागी. शेवटी ठेकेदाराला गरज पडली आणि त्याने रोजाने माणसं लावली. पाड्यातलेही गेले, पण रोज घेऊन गेले. धुळ्याच्या कचेरीत मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. आमच्या वडीलधाऱ्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “पण यात संप कुठे आहे?”   पुढे मात्र जांभळीपाड्याला वेठीचा निरोप आला नाही.

रेंजरला कोणावर तरी राग काढायला हवा होताच. मोलगीच्या बाजारात मला पकडलं. लोकांना चिथावलं, असा आरोप. बेड्या घालत होते तेव्हा वेस्ता गर्दीतून पुढे घुसला आणि हवालदाराचा हात धरून म्हणाला,

“आते नका लई जाऊ याले. यानी लाह बाकी शे.”

हवालदाराला काही समजेना. मला समजलं. निंदणीची फेड मी केली होती. नंतर कापणीला मी घरोघर राबलो, आणि त्याबद्दल माझ्या शेतात अजून कोणी आलेलं नव्हतं. पाड्याच्या अंगावर माझी लाह राहिली होती, आणि होळी पेटायच्या आत अशी लाह फेडायची असते.

“वेस्ता, मला कुठलं आलंय शेत!” मी हसून म्हटलं.

तो हसला नाही. “वावर नही असा मानूस ऱ्हास का?” म्हणाला.

धुळ्याच्या तुरुंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डाळीत खडे होते आणि सोबत्यांत विद्वान होते. दोन्ही चावून खावे लागत. घरून कोणी येईल अशी आशा मी ठेवली नव्हती. आईला एकटीने येणं जमणारं नव्हतं आणि वडील येणार नव्हते.

फाल्गुनात एका दुपारी मुलाखतीला बोलावलं. गजापलीकडे वडील बसले होते. डोक्याला धुतलेलं पागोटं, गुडघ्यावर हात. मी समोर बसलो. ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते.

“बरा शे का?”

“बरा आहे.”

“दादर कापाई गई,” ते म्हणाले.

 मला आत बातमी लागली होती. मी पकडला गेल्यावर गावातल्या मोठ्या घरांनी ठरवलं होतं, लाल बावट्याच्या बापाच्या शेतात मजूर जाऊ द्यायचा नाही. आपलेच भाऊबंद. वडिलांचा गुडघा धरलेला, आणि दादर वाळून झडायला आलेली. मी घर सोडताना त्यांनी विचारलेला ‘दादर कोन कापी?’ हा प्रश्न तुरुंगात मला रोज ऐकू यायचा.

“कोनी कापी?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं. घर सोडल्यापासून मी त्यांच्याशी तसा बोललो नव्हतो.

“तुन्हा त्या डोंगरना लोकेसनी.”

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. राहिलेलं पुढे आईने मीठमसाला लावून सांगितलं, ते मी इथे एकत्र करतो. सकाळी आईने दार उघडलं तर अंगणाबाहेर बायाबापे उभे, अंगावर वाटेची धूळ, हातात विळे. तळोद्यावरून तापी उतरून चालत आलेले. कोरीट कुठे, रामाच्या, म्हणजे माझ्या, बापाचं वावर कोणतं, असं वाटेत विचारत आले होते. वडिलांना वाटलं काही दंगा आहे. पुढे एक बाई होती, ती भुरी. तिने विचारलं, “रामानं वावर कोनतं?” वडील म्हणाले, त्याचं कसलं वावर, वावर माझं आहे. ती म्हणाली, तेच. वडिलांनी मजुरी काय घ्याल विचारलं, तर ती हसली. दिवस कलायच्या आत सगळी दादर आडवी झाली. बांधावर गावातले मोठे लोक येऊन उभे राहिले, बघत राहिले आणि निघून गेले.

आईने दिवसभर भाकरी थापल्या. वडिलांनी पंगत गोठ्याजवळ मांडायला सांगितली आणि स्वतः ओसरीवर जाऊन बसले. भुरीने ताटाला हात लावला नाही. तिने लावला नाही म्हणून कोणीच लावला नाही.

“ती म्हने, मालक पंगतमा बठना नही ते लाह खरी नही,” वडील सांगत होते. “म्हने, मंग आम्ही इतला लांब उनूत काब्र?”

“मग?”

वडील पुन्हा भिंतीकडे बघू लागले. पागोट्याचा शेमला त्यांनी डोळ्यांना लावला की कपाळाला, ते मला दिसलं नाही.

“बठनू,” ते म्हणाले. “तिना शेजारे बठनू.”

 मी त्यांच्याशी एवढा वाद घातला होता, एवढी पुस्तकं त्यांच्या अंगावर टाकली होती. आणि जिच्या दारात मी रिकाम्या हाताने गेलो, त्या बाईने त्यांना अंगणात, उघड्यावर, सगळ्या कोरीटदेखत पंगतीला बसवलं होतं. मी आजवर केलेल्या कुठल्याच कामाचा मला एवढा अभिमान नाही, आणि त्या दिवशी मी तिथे नव्हतो याची एवढी चुटपुटही कशाची नाही.

शिपायाने वेळ संपल्याची खूण केली. वडील गुडघ्यावर जोर देऊन उठले. उठल्यावर घुटमळले.

“तिनी कापनी कधी ऱ्हास?”

“दिवाळीच्या आसपास. का?”

“का म्हंजे? जेवाडं मी, राबनात त्या. आते मन्ही पाळी शे ना.” ते जरा चिडूनच बोलले. “घाट लई उभा शे का रे?”

“उभा आहे. पण बसत बसत जाता येतं.”

त्यांनी मान हलवली. दारापर्यंत गेले, आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाले,

“सुटना का पहिले घर ये. पुढना दारथीन ये. तठली वाट मले कोन दखाडी?”